महागाईचा दर 0.25 टक्के निघतो कसा? किरकोळ किंमत निर्देशांकामागचे भाव, भारांश आणि सर्वेक्षणे

मोजपट्टी

ऑक्टोबर 2025 मध्ये देशातील किरकोळ महागाईचा दर 0.25 टक्के होता, असे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 12 नोव्हेंबरला जाहीर केले. 2012 हे पायाभूत वर्ष असलेल्या मालिकेतील तो सर्वांत कमी दर होता. वाण्याचे बिल हातात असताना ही बातमी वाचणाऱ्याला ती थट्टा वाटली असेल तर नवल नाही, आणि ‘आकडे कार्यालयात बसून लिहितात’ हा शेराही त्या आठवड्यात सर्वत्र ऐकू आला. माझे मत वेगळे आहे. या निर्देशांकात खोट शोधायची असेल तर ती भाव गोळा करणाऱ्याच्या वहीत शोधून फारसे हाती लागणार नाही. ती भारांशांत, म्हणजे एकूण खर्चात प्रत्येक वस्तूला दिलेल्या वजनांत शोधावी लागते, आणि भारांश ज्या कुटुंबखर्च सर्वेक्षणातून येतात त्या सर्वेक्षणाच्या लांबलेल्या वेळापत्रकात शोधावी लागते.

आधी तो 0.25 समजून घेऊ. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वसाधारण निर्देशांक 196.8 होता आणि ऑक्टोबर 2025 मध्ये 197.3. म्हणजे 2012 साली सरासरी 100 रुपयांत येणाऱ्या वस्तू-सेवांना आता 197 रुपये 30 पैसे पडतात. महागाई कुठेही गेलेली नाही, ती निर्देशांकाच्या पातळीत साठलेली आहे. दर सांगतो तो फक्त गेल्या बारा महिन्यांतील फरक. ऑक्टोबर 2024 मध्ये भाज्या आदल्या वर्षापेक्षा 42.18 टक्क्यांनी महाग होत्या, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये त्या 27.57 टक्क्यांनी उतरल्या. दोन्ही बदल एकामागून एक लावले तर ऑक्टोबर 2023 च्या तुलनेत भाज्या तरीही सुमारे 3 टक्क्यांनी महागच राहतात. तुलनेसाठी घेतलेला आदला महिना चढा असला की पुढचा दर असा खाली दिसतो. त्यातच 22 सप्टेंबरपासून वस्तू व सेवा कराचे दर अनेक वस्तूंवर कमी झाले होते.

आता भाव कोण आणतो ते पाहू. 2012 च्या मालिकेसाठी 310 शहरांतील 1114 बाजार आणि 1181 गावे ठरवलेली होती, आणि क्षेत्रकार्य विभागाचे कर्मचारी आठवडेवारी वेळापत्रकाप्रमाणे तेथे स्वतः जाऊन भाव टिपत. गावांतील भाव पूर्वी टपाल खात्याचे कर्मचारी आणत असत. दुकान ठरलेले, वाण ठरलेले, वजनमाप ठरलेले असते, कारण या महिन्यात आंबेमोहोर आणि पुढच्या महिन्यात कोलम असा भाव टिपला तर महागाई मोजली जाणार नाही, वाणांतला फरक मोजला जाईल. एका वस्तूचे निरनिराळ्या बाजारांतले भावबदल गुणोत्तर मध्याने (सर्वांचा गुणाकार करून त्याचे मूळ काढून) एकत्र केले जातात. त्याच्या वरच्या पायरीवर मात्र लास्पेयरचे सूत्र लागते, ज्यात प्रत्येक वस्तूचे वजन पायाभूत काळातील खर्चावरून एकदा ठरते आणि मालिका चालू असेपर्यंत गोठलेले राहते.

ते वजन 2011-12 च्या सर्वेक्षणावरून ठरले होते. अन्न व पेये 45.86, पान-तंबाखू व मादक पदार्थ 2.38, कपडे व पादत्राणे 6.53, घर 10.07, इंधन व प्रकाश 6.84 आणि उरलेले सर्व काही, म्हणजे शिक्षण, आरोग्य, प्रवास, फोन, करमणूक वगैरे मिळून 28.32. 2025 सालच्या कुटुंबाची महागाई आपण 2011-12 च्या खर्चाच्या साच्याने मोजत होतो.

टोमॅटोचे उदाहरण घ्या. त्याचा भार अवघा 0.57. जुलै 2023 मध्ये टोमॅटो वर्षभरात सुमारे 200 टक्क्यांनी वाढला. त्याचा भाव तोपर्यंत सर्वसाधारण निर्देशांकाइतकाच वाढत आला होता असे धरले, तर या एका भाजीने एकूण दरात ढोबळमानाने 1.1 टक्का बिंदूंची भर घातली. त्या महिन्यात एकूण दर 4.87 वरून 7.44 वर गेला होता. शंभरात अर्ध्या टक्क्याचा भार असलेली वस्तू व्याजदराची चर्चा हलवू शकते, हे लक्षात घेतले म्हणजे भारांश जुने असण्याने काय होते ते वेगळे सांगावे लागत नाही.

शेवंती

लेख आवडला, पण एक मोठी गोष्ट राहिली. ठाण्यात राहणाऱ्या माझ्यासारखीच्या पगाराचा सर्वांत मोठा भाग गृहकर्जाच्या हप्त्यात जातो. घराला 10.07 एवढाच भार असेल तर हा निर्देशांक शहरी नोकरदारांचा नाहीच, असे म्हणावे लागेल. फ्लॅटचे वाढलेले भाव यात कुठे दिसतात?

मोजपट्टी

शेवंती, फ्लॅटचा भाव यात दिसत नाही आणि दिसू नये अशीच रचना आहे. घर विकत घेणे ही गुंतवणूक समजली जाते. उपभोग धरला जातो तो त्या घरात राहण्याच्या सेवेचा, आणि तिची किंमत म्हणजे भाडे. स्वतःच्या घरात राहणाऱ्यांसाठी तशाच घराला किती भाडे पडले असते याचा अंदाज भारांशात धरतात. हप्ता म्हणजे मुद्दल आणि व्याज. यांपैकी काहीही उपभोग्य वस्तूची किंमत नाही. आणखी एक अडचण आहे: हप्ता निर्देशांकात घेतला असता तर रिझर्व्ह बँकेने महागाई रोखण्यासाठी व्याजदर वाढवताच महागाईचाच आकडा वाढला असता. घरांच्या किमतींसाठी रिझर्व्ह बँकेचा स्वतंत्र निर्देशांक आहे, तो नोंदणीच्या आकड्यांवरून निघतो आणि त्यात मुंबई आहे.

10.07 हा आकडा मात्र दिशाभूल करतो, हे खरे. 2012 च्या मालिकेत ग्रामीण निर्देशांकात घरभाडे धरलेलेच नव्हते, कारण गावांत भाड्याच्या घरांचा बाजारच पुरेसा नसतो असे गृहीत होते. सर्व भार शहरी भागातला, आणि एकट्या शहरी निर्देशांकात तो 21.67 होता. तुम्ही तुमच्या खर्चाशी तुलना करायची असेल तर संयुक्त (ग्रामीण-शहरी मिळून काढलेला) आकडा सोडून शहरी आकडा पाहायला हवा; त्या मालिकेत त्यातील अन्नाचा भारही 45.86 नसून 36.29 होता, तर ग्रामीण निर्देशांकात तो 54.18 होता.

निवांत_लेखापाल

घरभाड्याचाच एक किस्सा नोंदवून ठेवतो, कारण आकड्याची रीत आणि वास्तव यांत अंतर कसे पडते ते त्यात स्वच्छ दिसते. भाडे पाहण्यासाठी निवडलेल्या घरांत सरकारी निवासस्थानेही होती. तेथे राहणारा कर्मचारी बाजारभावाने भाडे देत नाही, म्हणून त्याला न मिळणारा घरभाडे भत्ता आणि तो भरत असलेले परवाना शुल्क यांची बेरीज म्हणजे त्याचे भाडे असे धरले जाई. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे केंद्रीय कर्मचाऱ्यांचा घरभाडे भत्ता जुलै 2017 पासून वाढला आणि निर्देशांकातले ‘घरभाडे’ वर चढू लागले, जरी कोणत्याही घरमालकाने त्या कारणाने भाडे वाढवलेले नव्हते. पुढचे वर्षभर रिझर्व्ह बँकेला आपल्या पतधोरणाच्या निवेदनांत भत्त्याचा परिणाम धरून आणि वगळून असे दोन्ही प्रकारे बोलावे लागले. येथे कोणी आकडा फिरवला नव्हता. नियम पाळला गेला, आणि नियमच त्या परिस्थितीसाठी केलेला नव्हता.

उंबर

मी काही वर्षे नमुना सर्वेक्षणाच्या क्षेत्रकामात होतो, म्हणून भारांश जेथून येतात त्या टोकाबद्दल लिहितो. हा प्रतिसाद लांबेल.

संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण 1950 मध्ये सुरू झाले, आणि कुटुंबाने काय खाल्ले, काय वापरले, त्यावर किती खर्च केला हा प्रश्न त्यात पहिल्यापासून आहे. ऐकायला प्रश्न सोपा आहे. प्रत्यक्षात समोरच्या बाईंना आपण विचारतो की गेल्या तीस दिवसांत घरात तेल किती लागले, आणि त्या प्रामाणिकपणे आठवायचा प्रयत्न करतात. कोणत्या काळाबद्दल विचारले यावर उत्तर किती बदलते, हे या क्षेत्रातल्या लोकांना फार पूर्वीपासून माहीत आहे. तेल, अंडी, मासे, भाज्या, फळे, मसाले अशा गोष्टींसाठी सात दिवसांची आठवण तीस दिवसांच्या आठवणीपेक्षा मोठा आकडा देते. कपडे, शाळेची फी, रुग्णालयाचा खर्च किंवा फ्रीजसारख्या वस्तूंसाठी मात्र वर्षभराचा काळ धरावा लागतो, नाहीतर त्या महिन्यात खरेदी न केलेल्या सर्व कुटुंबांचा खर्च शून्य लिहिला जातो. 2011-12 मध्ये सात, तीस आणि 365 दिवस अशी जी मिश्र पद्धत वापरली, निर्देशांकाचे भारांश त्याच पद्धतीच्या आकड्यांवरून आले.

1999-2000 च्या फेरीत काय झाले ते नव्या लोकांना ठाऊक नसेल. अन्नासाठी सात दिवस आणि तीस दिवस हे दोन्ही प्रश्न त्याच कुटुंबाला, त्याच पत्रकात, शेजारशेजारच्या रकान्यांत विचारले गेले. उत्तर देणारा माणूस सात दिवसांचा आकडा सांगून झाला की तीस दिवसांचा आकडा त्याच्याशी जुळवून सांगतो, आणि माहिती भरणाऱ्यालाही दोन आकडे एकमेकांशी विसंगत दिसू नयेत असे वाटते. परिणाम असा झाला की त्या फेरीची 1993-94 शी सरळ तुलनाच होऊ शकेना, आणि 1990 च्या दशकात दारिद्र्य किती घटले यावर अर्थशास्त्रज्ञांनी पुढे अनेक वर्षे वाद घातला. माहिती खोटी नव्हती. रकान्यांची मांडणी बदलली होती, एवढेच.

2022-23 च्या सर्वेक्षणात पत्रकाचे तीन भाग करून त्याच कुटुंबाकडे तीन वेगवेगळ्या भेटी दिल्या गेल्या: एकीत अन्न, एकीत नित्य वापराच्या वस्तू व सेवा, एकीत टिकाऊ वस्तू. पूर्वी एकाच बैठकीत शेकडो बाबी विचारताना शेवटच्या तासात उत्तर देणारा आणि विचारणारा दोघेही थकून जात, आणि शेवटी येणाऱ्या बाबींवर त्याचा परिणाम होई. सर्वेक्षणात 2,61,746 कुटुंबे होती. श्रीमंत घरे नमुन्यातून निसटू नयेत म्हणून निवडीआधी गावात ताब्यातील जमीन आणि शहरात खासगी चारचाकी यांवरून कुटुंबांचे गट पाडले गेले. तरीही मोठ्या शहरांतील बंदिस्त गृहसंकुलांत प्रवेश मिळवणे ही या कामातली सर्वांत अवघड गोष्ट आहे. खेड्यात चहा मिळतो, माहितीही मिळते. विसाव्या मजल्यावर इंटरकॉमवरच नकार मिळतो. या गाळणीचा परिणाम भारांशांवर होतो, कारण नकार देणारी घरे ज्या गोष्टींवर जास्त खर्च करतात त्या गोष्टी आकड्यांत कमी दिसतात.

कडवट_कॉफी

उंबर यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, पण त्यांनी 2011-12 वरून थेट 2022-23 वर उडी मारली. मधल्या काळात 2017-18 मध्ये सर्वेक्षण झाले होते. त्याचे निष्कर्ष वृत्तपत्रांत फुटले, ग्रामीण खर्च घटल्याचे त्यांत दिसत होते, आणि नोव्हेंबर 2019 मध्ये सरकारने माहितीच्या दर्जाचे कारण देऊन तो अहवाल प्रसिद्ध न करण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी रोजगाराचा पहिला वार्षिक अहवालही, बेरोजगारीचा 6.1 टक्के हा आकडा आधीच फुटलेला असताना, निवडणुकीचे निकाल लागल्यानंतर 31 मे रोजी प्रसिद्ध झाला, आणि तो रखडल्यावरून राष्ट्रीय सांख्यिकी आयोगातील दोन सदस्यांनी जानेवारीतच राजीनामे दिले होते. हे सर्व घडल्यावर लोकांनी भाव टिपणाऱ्या कर्मचाऱ्यावर विश्वास ठेवावा अशी अपेक्षा करणे मला जरा भाबडे वाटते.

मोजपट्टी

तुमची वस्तुस्थिती बरोबर आहे आणि तुमचा राग मला समजतो. निष्कर्षाशी मात्र मी सहमत नाही. 2009-10 ची फेरी झाली तेव्हा 2009 च्या पावसाळ्यात तीव्र दुष्काळ होता, म्हणून ते वर्ष पायाभूत धरणे योग्य नाही असे ठरले आणि 2011-12 मध्ये पुन्हा मोठी फेरी घेतली गेली. दोन्ही फेऱ्यांची माहिती प्रसिद्ध झाली, अभ्यासकांनी दोन्ही तपासल्या. 2017-18 बद्दलही तेच करता आले असते: आकडे द्यायचे, त्यांच्या मर्यादा सोबत लिहायच्या, कुटुंबनिहाय माहिती खुली करायची. ते न केल्याने माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान दारिद्र्याच्या वादाचे झाले नाही. ते झाले निर्देशांकाचे. दर पाच-सहा वर्षांनी बदलायचे भारांश बदलता आले नाहीत, आणि 2016 पासून रिझर्व्ह बँकेवर महागाई 4 टक्के, वर-खाली 2, एवढी ठेवण्याचे कायद्याने जे बंधन आहे, ते त्या शिळ्या भारांशांवर उभ्या असलेल्या आकड्याला बांधलेले राहिले.

किती शिळे? ग्रामीण कुटुंबाच्या खर्चात अन्नाचा वाटा 2011-12 मध्ये 52.90 टक्के होता, तो 2022-23 मध्ये 46.38 झाला. शहरांत 42.62 वरून 39.17. अन्नाचे भाव सर्वांत जास्त वर-खाली होतात. म्हणजे खऱ्या खर्चापेक्षा जास्त भार असलेला अन्नगट 2023 मध्ये दर फुगवत होता आणि 2025 मध्ये तोच दर खाली ओढत होता. ज्यांना 0.25 टक्के खोटा वाटला त्यांच्या शंकेत एवढे तथ्य आहे, पण मग 7.44 टक्क्यांवरही तीच शंका घ्यायला हवी होती.

चंद्रकोर

एक शंका. या चर्चेत ‘सरासरी कुटुंबाचा खर्च’ असा उल्लेख वारंवार येतो आहे. भारांश खरोखर सरासरी कुटुंबाचे असतात का?

निवांत_लेखापाल

नसतात, आणि हा प्रश्न कोणीतरी विचारायलाच हवा होता. दोन कुटुंबांचा देश कल्पा. एकाचा महिन्याचा खर्च 1,00,000 रुपये, त्यातील 25 टक्के अन्नावर. दुसऱ्याचा 15,000 रुपये, त्यातील 60 टक्के अन्नावर. दोघांच्या टक्केवारीची सरासरी 42.5 येते. पण निर्देशांकात दोघांचा खर्च आधी एकत्र करतात: 25,000 आणि 9,000 मिळून 34,000, एकूण 1,15,000 पैकी, म्हणजे 29.6 टक्के. ज्याचा खर्च मोठा त्याच्या सवयींचे वजन मोठे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबाशी जुळण्यासाठी आणि पतधोरणासाठी ही रीत योग्य आहे, जगभर बहुतेक ठिकाणी हीच चालते. पण कांदा, डाळ, तेल महागले की गरीब घराची महागाई जाहीर दराहून जास्त असते, आणि हे गणिताच्या चुकीमुळे होत नाही, रचनेमुळे होते.

दारिद्र्याचा अभ्यास म्हणूनच एकत्रित बेरजेवर भागत नाही, त्याला कुटुंबनिहाय माहिती लागते. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये 2250 उष्मांकांच्या आहारावरून दारिद्र्याची जी रेषा मांडली, तिच्यासाठी त्यांनी याच नमुना सर्वेक्षणातील खर्चगट वापरले होते. 1960-61 च्या भावांनी ती ग्रामीण भागात दरडोई महिना 15 रुपये आणि शहरांत साडेबावीस रुपये येत होती.

सोनटक्का

माझे वडील केंद्रीय सेवेतून निवृत्त झाले. त्यांचा प्रश्न मी येथे मांडते: महागाईचा दर पाव टक्क्यावर आला तर महागाई भत्ताही गोठणार का?

निवांत_लेखापाल

नाही. भत्त्याचा निर्देशांक वेगळा आहे. तो औद्योगिक कामगारांसाठीचा, कामगार मंत्रालयाच्या लेबर ब्युरोचा, 2016 पायाभूत वर्षाचा, 88 केंद्रांतून भाव घेणारा. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर ही त्यांतली आपल्याकडची काही केंद्रे. भारांशही कामगार कुटुंबांच्या वेगळ्या पाहणीवरून येतात, आणि त्यात अन्नाचा भार 39.17 आहे. शिवाय भत्ता एका महिन्याच्या दरावर ठरत नाही, बारा महिन्यांच्या सरासरी निर्देशांकावर ठरतो, आणि ती सरासरी सातव्या वेतन आयोगाने धरलेल्या पातळीपेक्षा किती वर आहे ते पाहतात. जुलै 2025 पासूनचा 58 टक्के भत्ता असा निघाला. वर्षभराचा दर शून्य झाला तरी साठलेली पातळी तेथेच राहते, त्यामुळे आधीचा भत्ता कमी होत नाही; वाढ तेवढी मंदावते.

या निर्देशांकाबद्दल मुंबईला तरी जुनी आठवण असायला हवी. येथे 1921 मध्ये लेबर ऑफिस सुरू झाले आणि कामगारांच्या राहणीमानाच्या खर्चाचा निर्देशांक निघू लागला. गिरणी कामगारांचा महागाई भत्ता त्यावर अवलंबून असल्याने तो आकडा थेट पगाराच्या पाकिटात उतरत असे. 1963 मध्ये तो प्रत्यक्ष महागाईपेक्षा कमी दाखवला जातो या तक्रारीवरून शहरात मोठे आंदोलन झाले, सरकारने अर्थतज्ज्ञ लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि समितीने निर्देशांकातील दोष दाखवून दिले. कामगार संघटनांनी तेव्हा ‘आकडा खोटा’ एवढ्यावर न थांबता कोणत्या वस्तूचा भाव कसा धरला यावर भांडण नेले, हे मला त्यात विशेष वाटते.

गवती_चहा

थोडे अवांतर, पण विषयाशी जोडलेले. जुलै ते सप्टेंबर 2025 या तिमाहीत सकल देशांतर्गत उत्पादन महागाई वगळून 8.2 टक्क्यांनी वाढले असे सांगितले गेले, आणि त्याच पत्रकात चालू किमतींनुसार वाढ 8.7 टक्के होती. म्हणजे अर्थव्यवस्थेतील सर्व किमती मिळून फक्त अर्ध्या टक्क्याने वाढल्या? या दोन आकड्यांत भाव निर्देशांकाचा हात किती?

मोजपट्टी

फार मोठा. उत्पादनाचे रुपयांतील मूल्य आधी मिळते, ते किमतींच्या वाढीने भागून स्थिर किमतींचा आकडा काढतात. भागायला किरकोळ आणि घाऊक दोन्ही निर्देशांक वापरले जातात. 2011-12 च्या मालिकेत कारखानदारीच्या मूल्यवर्धनाला एकाच घाऊक निर्देशांकाने भागत. त्यात अडचण अशी की मूल्यवर्धन म्हणजे विकलेल्या मालाचे मूल्य वजा कच्च्या मालाचे मूल्य, आणि दोघांचे भाव एका चालीने चालत नाहीत. खनिज तेल आणि धातू स्वस्त होतात तेव्हा कंपनीचा नफा रुपयांत वाढतो. तो नफा जवळजवळ न वाढलेल्या किंमत निर्देशांकाने भागला की खरे उत्पादनच वाढल्यासारखे दिसते. उलट कच्चा माल महागला की वाढ कमी दिसते. उत्पादन आणि कच्चा माल यांना स्वतंत्रपणे भागणे हा त्यावरचा उपाय, आणि 2022-23 पायाभूत वर्षाच्या नव्या मालिकेत कारखानदारीसाठी तो स्वीकारला आहे. घाऊक निर्देशांकात सेवा अजिबात नाहीत हेही येथे लक्षात ठेवावे, त्यात 64.23 भार कारखान्यांत तयार झालेल्या मालाचाच आहे.

यापुढचे सकल उत्पादनावरचे प्रश्न कृपया नव्या धाग्यात घ्यावेत. असंघटित क्षेत्राचा हिशेब हा एकटाच विषय दोन धागे खाईल.

शेवंती

मग फेब्रुवारी 2026 मध्ये किरकोळ निर्देशांकाची नवी मालिका आली, तिच्यात माझ्या प्रश्नाचे काय झाले?

मोजपट्टी

पायाभूत वर्ष 2024 झाले आणि भारांश 2023-24 च्या कुटुंबखर्च सर्वेक्षणावरून घेतले. अन्न व पेयांचा भार 45.86 वरून 36.75 वर आला. ग्रामीण घरभाडे पहिल्यांदाच आत आले, आणि सरकारी व मालकाने दिलेली निवासस्थाने भाड्याच्या नमुन्यातून वगळली, त्यामुळे वर सांगितलेला 2017 चा प्रकार पुन्हा होऊ नये. व्हीसीआर-डीव्हीडी प्लेअर, टेपरेकॉर्डर यांच्यासारख्या वस्तू बाहेर गेल्या आणि ओटीटीचे वर्गणीशुल्क आत आले. मोठ्या शहरांत ऑनलाइन विक्रीचे भावही घेतले जातात.

अन्नाच्या भारातील ही नऊ टक्का बिंदूंची घट मात्र जशीच्या तशी ‘लोक आता कमी भाग अन्नावर खर्च करतात’ अशी वाचू नये. जुन्या 45.86 मध्ये तयार जेवण, फराळाचे पदार्थ आणि मिठाई यांचा 5.55 भार मिसळलेला होता. नव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात उपाहारगृहातले खाणे वेगळ्या विभागात जाते. घटीचा काही भाग खर्चाच्या सवयी बदलल्याने आहे आणि काही फक्त कप्पा बदलल्याने. वृत्तपत्रांनी दोन्ही आकडे शेजारी छापले, ही टीप बहुतेकांनी छापली नाही.

उंबर

आणखी एक अडचण नोंदवतो, ती सोडवायला कोणतेही सर्वेक्षण पुरे पडणार नाही. जानेवारी 2023 पासून रेशनचे धान्य मोफत झाले. ज्या वस्तूची किंमत शून्य, तिचा गुणोत्तर मध्य काढता येत नाही, आणि ग्राहकाने खर्चच केला नाही तर ग्राहकाच्या खर्चाच्या निर्देशांकात ती बसतही नाही. म्हणून रेशनच्या धान्याचा भार इतर बाबींत वाटला गेला. त्यामुळे रेशन फुकट झाल्याने गरीब घराला झालेला फायदा महागाईच्या दरात उतरलाच नाही. खर्चाच्या सर्वेक्षणात उलट, मोफत मिळालेल्या वस्तूंची अंदाजे किंमत धरून वेगळा आकडा देतात: 2022-23 मध्ये ग्रामीण दरडोई मासिक खर्च 3,773 रुपये, आणि मोफत वस्तूंची किंमत धरली तर 3,860. एकाच धान्याची एका ठिकाणी नोंद आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण एकाचा निष्कर्ष दुसऱ्यावर चिकटवणारे लेख मी वाचले आहेत.

चंद्रकोर

शेवटचा व्यावहारिक प्रश्न. आमच्या संस्थेच्या जुन्या करारात दरवर्षीची वाढ निर्देशांकाला बांधलेली आहे आणि करारात जुन्या पायाभूत वर्षाचा उल्लेख आहे. मालिका बदलल्यावर हिशेब कसा करायचा?

निवांत_लेखापाल

पायाभूत वर्ष बदलते तेव्हा जुन्या मालिकेशी सांधणारा जोडगुणक प्रसिद्ध होतो, तो वापरायचा. दोन मालिकांचे निर्देशांक सरळ एकमेकांशी भागायचे नाहीत. औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकात 2001 आणि 2016 च्या मालिकांसाठी हा गुणक 2.88 आहे. जून 2025 चा निर्देशांक 2016 च्या पायावर 145 होता, म्हणजे 2001 च्या पायावर तो 145 गुणिले 2.88, म्हणजे 417.6. करारात कोणता निर्देशांक लिहिला आहे ते मात्र आधी पाहा: संयुक्त, शहरी की औद्योगिक कामगारांचा. प्रत्येकाचा गुणक वेगळा असतो, आणि करारात नुसते ‘महागाई निर्देशांक’ असे लिहिले असेल तर गुणक शोधण्याआधी वकील शोधावा लागेल.